चुन्याची बंद खदान कशी पाहावी: आधी कागद, मग काठ, मग ढिगारा

रात्री ओट्यावर लिंबू कापलं आणि अर्धी फोड तशीच कडप्प्यावर राहिली, की सकाळी तिथं एक निस्तेज, खरबरीत डाग दिसतो. कितीही घासा, जात नाही. कारण तो डाग नसतोच, तिथला दगड लिंबानं खाल्लेला असतो. ओट्याचा काळा कडप्पा आणि जुन्या घरातली शहाबादी फरशी, हे दोन्ही चुनखडक. म्हणजे चुन्याच्या खदानीशी आपली ओळख घरातच झालेली असते.

मी वणीकडचा. शाळेत विज्ञान शिकवतो. दिवाळीनंतर मुलांना किंवा मित्रांना घेऊन राजूरच्या आसपासच्या बंद खदानींवर जाणं हा माझा नेम झाला आहे. राजूर म्हणजे चुनाभट्ट्यांचं गाव. दक्षिणेला पैनगंगा नदी ओलांडली की चंद्रपूर जिल्हा, तिथं कोरपना तालुक्यातल्या गडचांदूर-आवारपूरचे सिमेंट कारखाने याच जातीच्या दगडावर उभे आहेत.

पहिल्या खेपेला मी सगळं उलटं केलं होतं. गाडी लावली, सरळ खाली पाण्यापर्यंत उतरलो, कड्याला हातोडा मारला, वरून मुरूम घरंगळला, आणि संध्याकाळी पोतंभर दगड घरी आणले. कुठला दगड कुठून उचलला ते रात्रीपर्यंत विसरलो. ते पोतं शेवटी अंगणात चिखल होऊ नये म्हणून कामी आलं. त्यानंतर हळूहळू जी पद्धत बसली, ती इथं मांडतो. तिचं सार इतकंच: हाताळायचं ते सगळं ढिगाऱ्यावर पडलेलं असतं, आणि पाहायचं ते समोरच्या काठावरून दिसतं. कड्याच्या पायथ्याशी जायला कारणच उरत नाही.

आधी दोन शब्द नीट लावून घ्या

आपल्याकडे ‘चुनखडी’ हा शब्द दोन वेगळ्या गोष्टींना वापरतात आणि त्यामुळे गोंधळ होतो. काळ्या मातीत, नाल्याच्या काठाला पांढुरके, ओबडधोबड खडे सापडतात, बोरापासून लिंबाएवढे. तीही चुनखडी. हे खडे मातीतल्या पाण्यातून चुना साकळून तयार होतात. पश्चिम महाराष्ट्रात जवळजवळ सगळा बेसाल्ट, तिथं चुन्याचा खडक नाही. म्हणून गडकोटांच्या बांधकामाला लागणारा चुना बहुतेक असल्या खड्यांतून भाजून काढला आणि घाणीत मळला. कोकणात शिंपले भाजून चुना करत.

आपण बघायला निघालो आहोत तो मात्र थरांचा, समुद्रात साचलेला चुनखडक. यवतमाळच्या पूर्व भागात आणि चंद्रपूर जिल्ह्यात तो सापडतो, आणि भूवैज्ञानिक त्याला पैनगंगा गटात मोजतात. नदीचं नाव दगडाला. सह्याद्रीचा बेसाल्ट साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. हा चुनखडक त्याच्या दहापटींहून जास्त जुना. या लेखात खड्यांना चुनखडी आणि खडकाला चुनखडक म्हणतो. गावात विचाराल तेव्हा मात्र ‘चुन्याचा गोटा’ म्हणा, लगेच कळतं.

कागद: घरबसल्या अर्धं काम

जायच्या आठवडाभर आधी गुगल अर्थवर ती जागा उघडा. बंद खदान वरून ओळखायला सोपी असते: सरळ कडांचा खड्डा, त्यात हिरवट किंवा निळसर पाणी, शेजारी लांबट ढिगारे, आणि एक रस्ता जो खड्ड्याशी येऊन संपतो. जुन्या वर्षांची चित्रं मागे सरकवत जा. खड्डा कोणत्या बाजूला वाढत गेला, पाणी कधी साचलं, ढिगाऱ्यावर झाडी कधी आली, हे दहा मिनिटांत दिसतं. मी मुलांना ट्रेसिंग पेपर मोबाइलवर ठेवून बाह्यरेषा काढायला लावतो. हात चालला की डोळा थांबतो.

मग भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं ‘भूकोश’ संकेतस्थळ. तिथल्या नकाशावर आपल्या जागेला कोणता रंग आहे ते बघा, आणि शेजारी कोणते रंग येऊन भिडतात तेही. वणीच्या परिसरात चुनखडक, गोंडवानाचे कोळसा असलेले थर आणि बेसाल्ट, तिन्ही थोड्याथोड्या अंतरावर आहेत. म्हणूनच तर इथं कोळशाच्या खाणी आणि चुन्याच्या भट्ट्या एकमेकांच्या शेजारी उभ्या राहिल्या. भट्टीला दगड लागतो आणि जळण लागतं; दोन्ही बैलगाडीच्या टप्प्यात.

तिसरा कागद मालकीचा. गट नंबर शोधा, सातबारा बघा. बंद खदान म्हणजे कुणाचीच नसलेली जागा, असं वाटतं. तसं कधीच नसतं. खासगी शेत असेल, सरकारी असेल, किंवा खाणपट्टा अजून कुणाच्या नावावर चालू असेल. इथं एक बारीक भेद कामाचा आहे. सिमेंटसाठी काढलेला चुनखडक प्रमुख खनिजात मोडतो. तिथला नियामक भारतीय खाण ब्युरो, ज्याचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. बांधकामाचा चुना करायला भट्टीसाठी काढलेला तोच दगड २०२५ पर्यंत गौण खनिजात मोडायचा, आणि त्याचा कारभार जिल्हाधिकारी कार्यालयातल्या खनिकर्म शाखेकडे असायचा. म्हणजे परवानगी कुणाकडं मागायची, हे तेव्हा दगड कशाला वापरला यावर ठरायचं; आता दोन्हीकडं विचारून घ्या. परवानगी लेखी घ्या. मालक शेतकरी असेल तर त्याला फोन करून, वेळ सांगून जा. तोच बहुधा सोबत येतो आणि त्याच्याइतकी जागा कुणाला ठाऊक नसते. तलाठी आणि सरपंचांच्या कानावर घातलेलं बरं.

केव्हा जायचं आणि झोळीत काय

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेर. मार्चनंतर खदान म्हणजे तवा. पांढरा दगड खालून तापतो आणि समोरूनही. पावसाळ्यात आणि मोठ्या पावसानंतरच्या आठवड्यात कडे सुटतात, तेव्हा नको. थंडीतही सकाळी नऊच्या आधी आणि चारनंतर तिथं थांबू नका. चंद्रपूर-वणी-पांढरकवडा पट्ट्यात वाघ ही गोष्टीतली चीज नाही, आणि झुडपं माजलेली, पाणी असलेली, माणूस नसलेली जागा त्याला आपल्यापेक्षा जास्त आवडते. गुराख्याला विचारूनच पुढं जा.

निदान तिघं हवेत. एकटं कधीच नाही. गावात एकाला परतायची वेळ सांगून ठेवा. १०८ आणि ११२ लक्षात असतातच, पण खड्ड्याच्या तळाशी मोबाइलला रेंज नसते, हे लक्षात राहत नाही.

सामान थोडंच. घोट्यावर येणारे बूट (दगडांच्या सांदीत फुरसं आणि घोणस दोन्ही असतात), पूर्ण बाह्यांचा सदरा, टोपी, एक काठी, माणशी तीन लिटर पाणी. भिंग, लोखंडी खिळा, जुनं वर्तमानपत्र, मार्कर पेन, झिपच्या पिशव्या. असली तर दुर्बीण. शाळेच्या प्रयोगशाळेतलं सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल ड्रॉपरच्या बाटलीत, तेही फक्त मोठ्या माणसाच्या हाती. नसेल तर चार लिंबं. हातोडा घेतलात तर डोळ्यांना गॉगल हवाच. आणि कंपासपेटीतला गुण्या, ४५ अंशांचा. हसू नका, पुढं त्याचंच काम सगळ्यात मोठं आहे.

बाहेरून एक फेरी

पोचल्यावर खाली उतरायचं नाही. आधी खदानीला बाहेरून एक वळसा घाला, काठापासून पाच-सहा पावलं लांब राहून. काठाला समांतर भेग दिसली तर ती भेगच तुमचा काठ समजा, आणि तिथून आणखी मागं सरा. गवतानं झाकलेली भेग पायाला कळते, डोळ्याला नाही. म्हणून पुढच्याच्या हातात काठी.

या फेरीत माती बघायची. कपाशीच्या काळ्या मातीतून चालता चालता एकदम जमीन पातळ होते, पायाखाली पांढुरके चिपरे वाजू लागतात. तिथं चुनखडक वर आलेला असतो. पिकातही फरक दिसतो; शेतकऱ्याला विचारलं तर तो बांधावरून बोट दाखवेल, की इकडं कापूस येतो आणि तिकडं येत नाही. विहीर असेल तर तिचं पाणी चाखण्यापेक्षा तिथल्या घरचा चहाचा टोप बघा. आतून पांढरा थर बसलेला असेल. तो थर म्हणजे जमिनीखालचा चुनखडक, पाण्यात विरघळून टोपात परत साकळलेला. लिंबू टाका त्यावर, फसफसेल.

झाडांची यादी करायचा हट्ट धरू नका, दोनच गोष्टी टिपा: मूळ जमिनीवर काय आहे आणि ढिगाऱ्यावर काय आहे. मूळ जमिनीवर पळस, बोर, कडुनिंब, बाभूळ. ढिगाऱ्यावर बहुतेक वेळा वेडी बाभूळ, सुबाभूळ, घाणेरी, रुई. आपोआप आलं ते आणि कुणी लावलं ते वेगळं ओळखता येतं. लावलेली झाडं रांगेत असतात.

समोरच्या काठावरून कडा वाचणं

जो कडा सगळ्यात उंच आणि स्वच्छ आहे, त्याच्या बरोबर समोरच्या काठावर बसा. सकाळी पश्चिमेकडचा कडा उजेडात असतो, दुपारी पूर्वेकडचा. वही काढा आणि फोटोआधी चित्र काढा, कितीही वाईट आलं तरी.

वरून खाली बघत या. सगळ्यात वर माती. तिच्याखाली, जागेप्रमाणे, पिवळट मुरूम, कधी बेसाल्ट, कधी वालुकाश्म. मग चुनखडक: करडा, कुठं गुलाबी किंवा तपकिरी, पातळ थरांचा, लांबून वह्यांची चवड रचल्यासारखा. थर आडवे आहेत की एका बाजूला कलले आहेत, ते पेन्सिल डोळ्यासमोर आडवी धरून ताडून बघा. थरांना छेदणाऱ्या उभ्या भेगा दिसतील. त्यांतल्या काही रुंद झालेल्या आणि लाल मातीनं भरलेल्या असतात. पाऊस हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन खाली उतरतो, त्यानं सौम्य आम्ल होतं, आणि भेगेची भिंत विरघळते. विरघळत नाही ती माती मागं राहते. ओट्यावर लिंबानं एका रात्रीत केलं, तेच पावसानं इथं सावकाश केलं आहे.

मग माणसाच्या खुणा. कड्यावर वरून खाली अर्धगोल पन्हळी दिसतात, अर्धी नळी भिंतीत चिकटवावी तशा. त्या सुरुंगाच्या छिद्रांच्या अर्ध्या बाजू. हाताएवढ्या रुंद असतील तर यंत्रानं पाडलेलं छिद्र. दोन बोटं जेमतेम जातील इतक्या अरुंद आणि आखूड असतील तर पहार-घणाच्या किंवा हातातल्या छोट्या ड्रिलच्या काळातलं काम. एकाच खदानीत एका कोपऱ्यात अरुंद आणि दुसऱ्यात रुंद सापडल्या, तर खदान कुठून सुरू होऊन कुठं संपली ते कळलं. पायऱ्या मोजा. खाणीच्या भाषेत त्यांना बेंच म्हणतात.

आता गुण्या. त्याची एक काटकोनी बाजू जमिनीला समांतर धरा, डोळा खालच्या ४५ च्या टोकाशी, आणि तिरक्या कडेवरून कड्याच्या माथ्याकडं बघा. माथा बरोबर त्या रेषेत आला, की तुमचं कड्यापर्यंतचं अंतर म्हणजे डोळ्याच्या वरची कड्याची उंची. हे तळाच्या पातळीवर, मोकळ्या सपाटीवर करायचं असतं, म्हणून खाली उतरायचा सुरक्षित रस्ता असेल तरच करा. त्यात एक फायदा दडलेला आहे. माथा तिरक्या रेषेच्या वर दिसू लागला, तर तुम्ही कड्याच्या उंचीपेक्षा जवळ आलात. थांबा, मागं फिरा. मुलांना ‘लांब राहा’ सांगून ती राहत नाहीत. गुण्यातून माथा दिसला पाहिजे सांगितलं की आपापसात भांडून लांब राहतात.

दुर्बिणीतून कड्याच्या कपारी बघा. पांढरी ओघळलेली विष्ठा आणि कपार मोठी असेल तर शृंगी घुबडाची जागा असू शकते. थंडीत ते अशाच कपारीत अंडी घालतं, तेव्हा लांबूनच बघायचं. मऊ मातीच्या उभ्या भिंतीत भोकं दिसली तर ती वेड्या राघूची किंवा खंड्याची. पाण्यावर टिबुकली हमखास. आणि काळी, परातीएवढी, अर्धचंद्रासारखी लोंबती वस्तू दिसली तर ते आग्या मोहोळ. त्या दिवशी तिथं धूर नाही, अत्तर नाही, आरडाओरडा नाही, आणि त्या बाजूचा काठ तर नाहीच. खदानीत मला आजवर खरी भीती वाटली ती वाघाची नाही, याची.

ढिगारा: इथं वेळ घालवा

खदान सोडून गेलेल्यांनी आपल्यासाठी एक मोठं काम करून ठेवलेलं असतं. कड्यातला प्रत्येक थर फोडून, बाहेर आणून, हातच्या उंचीवर ठेवलेला असतो. वरची माती एका ढिगात, नको असलेला दगड दुसऱ्यात, बारीक चुरा तिसऱ्यात. कडा धोका पत्करून वाचण्यापेक्षा हे वाचा. ढिगाऱ्याचा उतार मात्र ताजा उकरलेला नको. गवत-झुडपं धरलेला जुना उतार बघा, आणि एकाच्या खाली दुसरा उभा राहू नये.

पायरी सोपी आहे. वर्तमानपत्र पसरा. प्रत्येकानं दहा पावलांच्या टापूतून एकमेकांपेक्षा वेगळे दिसणारे पाच दगड आणायचे. सगळे एकत्र करून गट पाडा. गट पाडताना जी वादावादी होते, तिथंच खरं शिकणं होतं, म्हणून मी मध्ये पडत नाही.

मग परीक्षा. खिळ्यानं ओरखडा: चुनखडकावर खोल, पांढरा ओरखडा उठतो. गारगोटीसारखा दगड असेल तर उलट खिळ्याचंच लोखंड त्यावर चकचकीत रेघ ठेवून जाईल. दुसरी, आम्लाचा थेंब. चुनखडक लगेच फसफसतो. लिंबाचा रस असेल तर धीर धरा आणि भिंगातून बघा; बारीक बुडबुडे एकेक करून उठतात, सोड्याच्या बाटलीत तळाशी उठावेत तसे. थेंबानं काहीच झालं नाही तर खिळ्यानं थोडी पूड करून तिच्यावर थेंब टाका. पुडीवर फसफसलं आणि दगडावर नाही, तर त्यात मॅग्नेशियम असण्याची शक्यता मोठी, तो डोलोमाइट. मातकट, पापुद्रे सुटणारा आणि तोंडाची वाफ दिल्यावर पहिल्या पावसासारखा वास येणारा दगड म्हणजे शेल, पाटीच्या दगडाचा भाऊ. काळाकुट्ट, जड दगड बेसाल्टचा. तो फसफसत नाही, पण त्याच्या पोकळ्यांतलं पांढरं स्फटिक फसफसू शकतं. थेंब नेमका कुठं पडला ते बघितल्याशिवाय निकाल देऊ नका.

एक दगड हातात धरून भिंगाखाली सावकाश फिरवा. पांढऱ्या शिरा म्हणजे भेगांत साकळलेलं कॅल्साइट. शिवणीच्या टाक्यांसारखी, करवतीच्या दातांची बारीक काळी रेघ दिसली तर खूश व्हा. वरच्या थरांच्या दाबाखाली चुनखडक त्या रेषेवर विरघळला आणि न विरघळणारा कचरा तिथं रेघ होऊन उरला. जुन्या पॉलिश केलेल्या फरशीवर अशा रेघा तुम्ही पाहिल्या असतील.

आता मुलांचा हमखास प्रश्न: ‘सर, झाड सापडलं!’ पापुद्रा सुटलेल्या दगडावर काळ्या, नाजूक फांद्या, नेच्याच्या पानासारख्या. दिसतं जीवाश्मासारखं, पण ते मँगनीजचं खनिज आहे. भेगेत झिरपलेल्या पाण्यानं काढलेली नक्षी. तिथंच फोटो काढा, पापुद्रा तसाच ठेवा. पुढच्या वर्षीच्या मुलांनाही ओरडायला काहीतरी हवं. शंख-शिंपलेही शोधत बसू नका. हा दगड साचला तेव्हा शंख करणारे प्राणीच पृथ्वीवर नव्हते. त्या काळात चुना पकडून ठेवण्याचं काम करणारे सूक्ष्मजीव होते. त्यांच्या चटया थरावर थर चढून कांद्याच्या कापासारखी वक्र वलयं तयार होत. तशी वलयं दिसली तर दगड न हलवता, शेजारी पेन ठेवून फोटो घ्या. डायनासोरच हवे असतील तर वरोऱ्याजवळ पिजदुऱ्याला ते सापडले आहेत, पण तो थर निराळा आणि या चुनखडकापेक्षा फार अलीकडचा.

ढिगाऱ्यात लाल-पिवळी वायर, तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची बोटभर नळी, कागदात गुंडाळलेली कांडी दिसली तर हात लावायचा नाही, लाथ मारायची नाही. न उडालेला सुरुंगाचा माल असू शकतो. जागेवर लांबून खूण करा, सगळ्यांना मागं घ्या, पोलिसांना कळवा. ही सूचना मी दर वर्षी गाडीतून उतरण्याआधी देतो, उतरल्यावर नाही.

पाणी

उतरायचं नाही. पोहणं, पाय धुणं, सेल्फी, काहीच नाही. बेंच पाण्याखाली जातात आणि पहिली पायरी गुडघाभर असली तरी दुसरी घरभर खोल असते. पाणी इतकं निळं दिसण्याचं एक कारण त्यातली चुन्याची बारीक कणी. तळ दिसतो म्हणून जवळ वाटतो. भट्टीवर उमेदीची वर्षं काढलेल्या एका आजींनी मला एकदा ढिगाऱ्याखालच्या सपाट पांढऱ्या जागेवरून परत बोलावलं होतं. ‘मास्तर, तिकून जाऊ नोका. वरून वाळलेलं दिसते, अन् खाली निरा चिखल रायते.’ मी काठी टोचून बघितली. वरचा पापुद्रा भाकरीसारखा मोडला आणि काठी निम्मी आत गेली. धुतलेल्या चुऱ्याचा गाळ असा वर्षानुवर्षं ओला राहतो.

भट्टी

बंद भट्टी जवळ असेल तर बाहेरून बघा. आत वाकून, चढून नको, विटा कधीही सुटतात. उभी भट्टी म्हणजे विहीर जमिनीवर आणल्यासारखी. वरून कोळसा आणि गोटा आळीपाळीनं भरायचा, खालच्या तोंडातून भाजलेला चुना ओढायचा. साधारण ९०० अंशांवर चुनखडक कार्बन डायऑक्साइड सोडतो आणि कळीचा चुना उरतो. भट्टीच्या पायाशी जे टाकाऊ पडलंय त्यात बाहेरून पांढरा, पिठूळ आणि आत करडा असा गोटा सापडला, तर तो अर्धा कच्चा राहिलेला. काचेसारखा वितळून चिकटलेला काळा लगदा म्हणजे कोळशाची राख आणि विटा एकत्र झालेल्या.

उघड्यावर वर्षानुवर्षं पडलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड परत घेतो आणि पुन्हा चुनखडकच बनतो. पण मोठ्या ढेपेच्या पोटात अजून दाहक चुना असू शकतो. ढेप फोडू नका, तिच्यावर पाणी ओतून गंमत करू नका. डोळ्यात कण गेलाच तर चोळायचं नाही. स्वच्छ पाण्याची धार निदान पंधरा-वीस मिनिटं, आणि मग थेट दवाखाना. माणशी तीन लिटर पाणी सांगितलं त्यातलं एक लिटर यासाठी आहे.

माणसं आणि हिशेब

दुपारी गावात जा. जुन्या कामगारांना ‘खदान कधी बंद झाली’ असं विचारलं तर प्रत्येकाचं साल वेगळं येतं. ‘ब्रासला काय मिळायचं’ विचारा. ब्रास म्हणजे १०० घनफूट, सुमारे २.८३ घनमीटर, दगडाची मजुरी त्यावर ठरायची. तो भाव आठवला की त्यामागून मुकादम, लग्न, दुष्काळ, पोराचा जन्म सगळं रांगेनं येतं आणि साल आपोआप सापडतं. नावं वहीत लिहायची तर विचारून. पानाचा डबा पुढं आला तर नाही म्हणू नका; नखावर घेतलेला तो चुना कुठून आला हाच पुढचा प्रश्न.

रात्री हिशेब. समजा खड्डा ८० मीटर लांब, ५० मीटर रुंद, १२ मीटर खोल, आणि वरचे २ मीटर माती. मग दगड ८० × ५० × १० म्हणजे ४०,००० घनमीटर. घनमीटरला २.६ टन धरले तर १,०४,००० टन. शुद्ध चुनखडकाच्या १०० किलोतून ५६ किलो कळीचा चुना निघतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे जास्तीत जास्त ५८,२४० टन चुना आणि ४५,७६० टन वायू. प्रत्यक्षात दगड इतका शुद्ध नसतो आणि बराच ढिगाऱ्यातच राहतो, त्यामुळे हा वरचा आकडा. ब्रासमध्ये ४०,००० भागिले २.८३, चौदा हजारांच्या वर. एवढे ब्रास किती हातांनी भरले, ते ज्यांच्या अंगणात बसून आलो त्यांना विचारून घ्यायला दुसरी खेप करावी लागते.

घरी आल्यावर, त्याच रात्री

आणायचे ते दगड पाच. मुठीत मावतील असे, मालकाच्या परवानगीनं, ढिगाऱ्यावरचे. प्रत्येकावर मार्करनं क्रमांक, पिशवीत तोच क्रमांक लिहिलेली चिठ्ठी, वहीत त्याच क्रमांकापुढं जागा, तारीख आणि आम्लाला काय झालं. हे सकाळवर ढकललं की माझं पोतं होतं.

फोटोंतला एक वेगळा काढून ठेवा: समोरच्या काठावरून, जिथं बसून चित्र काढलं तिथून. त्या जागी ओळखता येईल असं झाड किंवा खांब वहीत नोंदवा. पुढच्या नोव्हेंबरमध्ये त्याच जागी उभं राहून तोच फोटो पुन्हा घ्यायचा. माझ्याकडं असे सलग सहा आहेत. चौथ्या फोटोत कड्याचा उजवा कोपरा गायब आहे, आणि पाचव्यात त्या ढासळलेल्या मुरमावर पळसाचं एक रोप.